‘आहे त्या स्थितीत’ विकता, तर ती स्थिती दाखवा : जुन्या मालवाहू गाड्यांच्या डीलर मंडळींना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या मालवाहू गाड्यांची खरेदी-विक्री करणारे सर्व डीलर,
आणि या गाड्यांवर कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या

सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला आहे. गेल्या आठवड्यात भाडं उतरवून रिकामी गाडी घेऊन तुमच्या रस्त्याने येत होतो. यार्डांवर झेंडूच्या माळांची चित्रं असलेले बॅनर लागले आहेत, ‘मुहूर्तावर गाडी घरी न्या’. त्याच बॅनरशेजारी तीन यार्डांच्या फाटकांवर एकसारखा फलक दिसला : ‘गाडी आहे त्या स्थितीत मिळेल. बाहेरचा मेकॅनिक आणू नये. ट्रायल यार्डाच्या आतच.’ मागच्या वर्षी हे तोंडी सांगितलं जात होतं. यंदा छापून लावलं आहे. ते वाचल्यापासून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि या दसऱ्याला गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला.

मी घणसोलीत राहतो. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. रात्री दोन-अडीचला वाशीच्या बाजार समितीत भाजी भरायची आणि उजाडायच्या आत ठाण्याला जांभळी नाक्यावर, कधी कल्याणला, कधी भिवंडीत उतरवायची, हे माझं काम. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून पाच वर्षं पैसे साठवले. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, तुमच्यापैकी एकाच्या यार्डातून २०१८ सालची पिकअप घेतली. किंमत ४ लाख ८५ हजार. त्यातले १ लाख ६० हजार मी रोख भरले. त्यात माझी भिशी होती आणि बायकोच्या पाटल्या होत्या. बाकीचे ३ लाख २५ हजार फायनान्सचे, वर्षाला २० टक्के व्याजाने, ३६ हप्ते. हप्ता १२,०८० रुपये.

गाडी बघायला गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बॉनेट उघडलं तर इंजिन धुऊनपुसून लखलखीत. हात लावला तर गरम. सेल मारला की एका झटक्यात चालू, धूर नाही, आवाज नाही. मीटरवर ८६ हजार किलोमीटर. यार्डातल्या यार्डात दोन फेऱ्या मारल्या आणि सह्या केल्या. अकरा वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाने तेव्हाच विचारायला हवं होतं की, विकायला उभी असलेली गाडी सकाळी अकराला गरम कशी? मी विचारलं नाही. मुहूर्त टळत होता. मिस्त्रीला सोबत नेलं नाही, ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

तिसऱ्या दिवसापासून गाडी पाणी प्यायला लागली. सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर पांढरा धूर, आणि दर दोन दिवसांनी लिटरभर पाणी कमी. तुमच्या माणसाला फोन केला. ‘जुनी गाडी आहे दादा, थोडं पाणी पिणारच,’ असं उत्तर आलं. मी पाण्याचा कॅन केबिनमध्ये ठेवायला लागलो.

३१ ऑक्टोबर, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची पहाट. भिवंडीचं भाडं होतं. हौद्यात कोबी आणि फ्लॉवर, वर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, त्यावर ओला बारदान. महापे, शीळफाटा मागे टाकून मुंब्रा बायपासच्या चढाला लागलो आणि गाडीची ओढ कमी झाली. टेंपरेचरच्या काट्याकडे पाहिलं, काटा मधोमध. म्हटलं, डिझेलमध्ये कचरा असेल. गिअर उतरवला. तेवढ्यात बॉनेटखालून खट-खट आवाज सुरू झाला, हातोडीने कुणी लोखंड ठोकावं तसा. चार-पाच सेकंद, आणि इंजिन जागेवर बसलं. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकचा पेडल पायाखाली घट्ट होतो. मागे चढावर जेएनपीटीहून आलेला कंटेनर होता. त्याने हॉर्नवर हात ठेवून गाडी कशीबशी काढली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून गाडी कठड्याला लावली, उतरून मागच्या चाकांना दगड लावले आणि तिथेच खाली बसलो. पाय थरथरत होते.

टोचन करून गाडी तुर्भ्याला आणायला ४,५०० रुपये लागले. माल दुसऱ्या गाडीत भरून भिवंडीत पोचला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मेथी-कोथिंबीर मान टाकून बसलेली. व्यापाऱ्याने घेतली नाही, आणि तो चुकला असं मी म्हणणार नाही. ११ हजार मी भरून दिले.

आता इंजिन उघडल्यावर काय निघालं ते सांगतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

तुर्भ्याचे आमचे मिस्त्री चाचा पंचवीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतात. त्यांनी आधी डिपस्टिक ओढली. ऑइल काळं नव्हतं, दूध घातलेल्या चहासारखं होतं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. मग रेडिएटरचा खालचा बोळा काढला. पाणी आलं, पाठोपाठ पिवळा गाळ आला. चाचांनी तो चिमटीत घेऊन चोळला आणि माझ्या नाकाजवळ धरला. हळद. रेडिएटर झिरपत असेल तर त्यात हळद टाकतात हे रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. ती फुगून बारीक भोकं बुजवते, चार दिवस निभावतं. वाटेत अडकलेल्या माणसाने गॅरेजपर्यंत पोचण्यासाठी करायचा तो उपाय आहे. इथे ती मूठ-मूठ टाकलेली होती. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या त्या गाळाने बंद झाल्या होत्या.

दसऱ्याला गाडी दारात आली तेव्हा बायकोने बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आईने नारळ फोडला होता. चाचांच्या चिमटीतली हळद बघताना मला ते आठवलं. घरी हे सांगायला मला दोन दिवस लागले.

पुढे आणखी निघालं. टेंपरेचर सेन्सरच्या वायरीत मध्येच एक तुकडा जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. इंजिन कितीही तापलं तरी काटा मधोमध राहावा अशी ती सोय. ऑइल नेहमीपेक्षा जाड भरलं होतं. जाड ऑइलने खिळखिळ्या बेअरिंगचा आवाज काही दिवस दबतो. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर ऑइल चेंजचा एक अर्धवट खरवडलेला स्टिकर होता. त्यावरचा आकडा अजून वाचता येत होता : २ लाख १४ हजार किलोमीटर. माझ्या मीटरवर तेव्हा ८९ हजारही झाले नव्हते.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, आधीच गेलेलं होतं. त्यातून पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, त्यामुळे बेअरिंग घासली आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, ओरखडे उठले. इकडे रेडिएटर बुजलेला, म्हणून इंजिन तापत राहिलं. हेडला तडा गेला आणि एक पिस्टन लायनरमध्ये चिकटला. काटा खरं बोलला असता तर मी पहिल्याच आठवड्यात गाडी उभी केली असती. तेव्हा गॅस्केट आणि रेडिएटरवर भागलं असतं, असं चाचांचं म्हणणं. आता फुल इंजिनचं काम निघालं. हेड २८ हजार. लायनर-पिस्टनचा सेट २४ हजार. क्रँकचं ग्राइंडिंग आणि बेअरिंग साडेचौदा हजार. चार इंजेक्टर २६ हजार. गॅस्केट किट आणि टायमिंग चेन १७ हजार. रेडिएटर, ऑइल, फिल्टर, कूलंट १५,६०० आणि मजुरी २२ हजार. एकूण १ लाख ४७ हजार १०० रुपये. गाडीच्या किमतीच्या तीस टक्के. सव्वीस दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर पगारी गेलो. दोन हप्ते चुकले, प्रत्येकी ५९० रुपये दंड लागला. इंजिनासाठी मेव्हण्याकडून घेतलेले पैसे अजून फिटलेले नाहीत.

हे सगळे फोटो घेऊन मी यार्डात गेलो होतो. तिथे जी उत्तरं मिळाली तीच मला बाजारात इतर चार पिकअपवाल्यांकडून ऐकायला मिळाली. चौघांच्या गाड्या वेगवेगळ्या यार्डांतून घेतलेल्या, उत्तरं शब्दाला शब्द तीच. म्हणून ती एकेक घेतो.

‘आम्ही मालक नाही, आम्ही फक्त मध्ये आहोत. आधीच्या मालकाला विचारा.’ मंडळी, हे आता चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. नोंदणी झालेल्या जुन्या गाड्या विकायच्या तर परिवहन विभागाचं अधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी तुमच्या ताब्यात दिली की नमुना २९ सी भरून तसं कळवायचं असतं, आणि तेव्हापासून त्या गाडीचे मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, तुम्ही असता. मला दिलेल्या कागदांत ना अधिकारपत्राचा क्रमांक होता, ना २९ सी. होत्या त्या नाव हस्तांतराच्या कोऱ्या २९ आणि ३० नमुन्यांवर आधीच्या मालकाच्या सह्या. आरसीवर माझं नाव चढायला चार महिने लागले आणि तोपर्यंतची दोन जुनी चलानं मी भरली.

‘गाडी पासिंग झालेली आहे.’ झालेली होती. पण पासिंगला, म्हणजे फिटनेसच्या तपासणीला, ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, धूर बघतात. इंजिन उघडून गॅस्केट कुणी बघत नाही, ते त्यांचं कामही नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागतं, ते रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी. इंजिन चांगलं असल्याचा दाखला म्हणून ते दाखवू नका. सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर पासिंग, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. गाडी किती किलोमीटर धावली, हे तिथे दिसत नाही. तो आकडा तुमच्या शब्दावर असतो, आणि म्हणून मीटर मागे फिरवणं ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. हळदीचा वास तरी येतो.

‘धंद्याची गाडी आहे, ग्राहक कोर्टात जाता येत नाही.’ हे ऐकून चौघांपैकी दोघे घरी बसले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरायची नाही. जो माणूस एकच गाडी घेऊन ती स्वतः चालवतो, त्याच्यासाठीच ते वाक्य आहे. तक्रार राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित प्रथा आहे. मला ४ लाख ८५ हजारांच्या गाडीचं बिल मिळालं नाही. बॉन्डवर एक कागद मिळाला : ‘गाडी पसंतीने, आहे त्या स्थितीत घेतली.’

त्या ‘आहे त्या स्थितीत’बद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. जुनी गाडी जुनीच असणार, ती नव्यासारखी द्या असं कुणीच म्हणत नाही. पण काट्याची वायर बांधून ठेवली, गाडी गरम करून ठेवली, रेडिएटर हळदीने बुजवला, मीटर फिरवलं, तर मी सही केली ती कुठल्या स्थितीवर? जी मला दिसूच दिली नाही, ती मी पसंत कशी केली?

फायनान्सवाल्यांनाही दोन शब्द. कर्ज देताना तुमचा माणूस येतो, गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढतो, चॅसिस नंबर घासून घेतो आणि मूल्यांकनाचा अहवाल करतो. त्याचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. तो अहवाल मी मागितला तेव्हा ‘तो कंपनीसाठी असतो’ असं उत्तर मिळालं. ज्याच्या पैशाने तपासणी झाली त्याला निष्कर्ष कळू नये, हे पटत नाही. आणि इंजिन एकदाही थंड अवस्थेत चालू न करता पावणेपाच लाखांचं मूल्यांकन कसं होतं?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. हप्ते थकलेल्या गाड्या तुम्ही लिलावात घेता, तिथे तुम्हालाही इंजिन उघडून कुणी दाखवत नाही. गाडी नेऊन दोन टनाचा माल भरणारे, ऑइल न बघणारे आणि महिन्याने भांडायला येणारे गिऱ्हाईकही मी पाहिलेत. पण मग तपासायची गरज तुम्हालाच जास्त आहे. इंजिनाचे दोष वाचणारा स्कॅनर लावायला दहा मिनिटं लागतात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघायला एक-दोन तास. तुमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर ते करून देणारे मिस्त्री आहेत.

तेव्हा मागण्या अशा.

फाटकावरचा तो फलक दसऱ्याच्या आधी उतरवा. गिऱ्हाइकाला त्याचा मिस्त्री आणू द्या. गाडी रात्रभर उभी असलेली, थंड इंजिनाची दाखवा, रेडिएटरचं झाकण आणि डिपस्टिक त्याच्यासमोर उघडा, आणि ट्रायल रस्त्यावर द्या, तीही चढावर. यार्डातल्या सपाट जागेत दोन फेऱ्यांत आजारी इंजिनही ठीक वाटतं.

प्रत्येक गाडीसोबत सही-शिक्क्याचा एक कागद द्या. गाडी तुमच्याकडे आली तेव्हा मीटर किती होतं, इंजिन कधी उघडलं आहे का, तुम्ही काय काम केलं, कॉम्प्रेशन किती आलं. दोष असेल तर लिहा आणि किंमत कमी करा. दोष माहीत असूनही स्वस्त गाडी घेणारे आमच्यात बरेच आहेत, कारण काम किती निघेल हे त्यांना आधीच मोजता येतं.

इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तीन गोष्टींसाठी तीस दिवस किंवा दोन हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, एवढी हमी द्या. पूर्ण जमत नसेल तर निम्मा खर्च उचला. हे माझ्याबाबतीत झालं असतं तर आज मेव्हण्यासमोर मान खाली घालायची वेळ आली नसती.

पक्कं बिल द्या, अधिकारपत्राचा क्रमांक फाटकावर लावा, कोऱ्या कागदांवर सह्या घेऊ नका, आणि नाव हस्तांतराचे कागद महिन्याच्या आत दाखल करा. फायनान्स कंपन्यांनी मूल्यांकनाचा अहवाल कर्जदाराला द्यावा आणि त्यात इंजिनाची तपासणी घालावी. परिवहन विभागाला विनंती की, अधिकारपत्र असलेल्या डीलरांची यादी प्रत्येक कार्यालयाच्या दारात मराठीत लावावी. दलालांच्या गर्दीतून वाट काढत आत जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती यावी.

माझ्या गाडीचे फोटो, हळदीच्या गाळाची बाटली, तो स्टिकर आणि चाचांचं बिल मी जपून ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो आहे. ते उत्तर ऐकून घरी बसलेल्या दोघांपैकी एकजण माझ्यासोबत यायला तयार झाला आहे. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. ते आयोगासमोर सांगेन, आणि त्यांना त्याआधी बोलायचं असेल तर माझा नंबर त्यांच्याकडे आहे.

बाजार समितीच्या भाजी मार्केटच्या गेटवर रोज रात्री आम्ही पिकअपवाले नंबर लावून उभे असतो. चहा घेताना कोण कुठून गाडी घेतोय हीच चर्चा असते, विशेषतः या दिवसांत. तुमच्यापैकी जो कुणी सकाळी सहा वाजता थंड इंजिन दाखवायला तयार असेल, त्याने फाटकावर तसं लिहावं. त्याच्या यार्डाचा पत्ता मी स्वतः त्या रांगेत प्रत्येकाला सांगेन.

आपला,
घणसोलीचा एक पिकअपवाला